ऑनलाइन बोर्ड बनवून देणारी सर्व्हिस: छपाई झकास, पण प्रूफ स्वतःच वाचा

वाचनालयासाठी नवीन सूचनाफलक हवे होते आणि यावेळी ते ऑनलाइन मागवले. साइटवर जायचं, साइज निवडायचा, मजकूर टाइप करायचा, डिझाइन निवडायचं, छपाईआधीचा नमुना, म्हणजे प्रूफ, आलं की मंजूर करायचं आणि बोर्ड घरपोच, अशी ही सर्व्हिस आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण अशा बहुतेक साइट्स साधारण ह्याच पद्धतीने चालतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही बोर्डवाल्याकडे जाताना कामाला येईल. निकाल आधीच सांगते, मटेरियल आणि छपाई एक नंबर, भाषेच्या बाबतीत मात्र डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. आणि बोर्डाच्या बाबतीत भाषाच जर गडबडली तर बाकीच्या चकचकीतपणाला काय करायचंय.

मटेरियलचं पटकन उरकते. सनबोर्डवर (हलकी, कडक फोमशीट) व्हिनाइल (छापलेली प्लास्टिकची फिल्म) चिकटवलेलं, वरून मॅट लॅमिनेशन, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चमकत नाही आणि तिरक्या कोनातूनही वाचता येतं. कडा सरळ कापलेल्या, रंग स्क्रीनवर दिसला तसाच आला, पॅकिंग भक्कम. इथे मी पूर्ण मार्क देईन, तक्रारीला जागाच नाही.

आता मजकूर. साइटवर दोन पर्याय आहेत, एक म्हणजे सगळं तुम्हीच टाइप करा आणि टेम्प्लेटमधे बसवा, दुसरा म्हणजे त्यांचा डिझायनर करून देईल. मी काही बोर्ड ह्या पद्धतीने केले, काही त्या, आणि गंमत अशी की दोन्हीकडे चुका झाल्या पण चुकांची जात पूर्ण वेगळी निघाली.

डिझायनरवाल्या पर्यायात मी युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर तशीच दिसणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत, व्यवस्थित टाइप करून मजकूर पाठवला होता, तरी पहिल्या प्रूफमधे "पायऱ्यांवर बसू नये" ह्याचं "पायर्यांवर बसून ये" होऊन आलं. म्हणजे मनाई करायला बोर्ड लावायचा आणि बोर्ड म्हणतोय जा, बसून ये! मी हसून हसून बेजार झाले, शेजारी बसलेल्यांना दाखवलं, त्यांनी आणखी चार जणांना दाखवलं. पण हसणं ओसरल्यावर वाटलं की हे झालं कसं, मी तर बरोबर पाठवलं होतं. फोन केला तेव्हा कळलं की त्यांच्या कटिंग मशीनचं सॉफ्टवेअर युनिकोड घेत नाही, त्यामुळे आलेला मजकूर डिझायनर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधे परत हाताने टाइप करतो. जुन्या फॉन्टची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, युनिकोड रुळायच्या आधी मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धं अक्षर वेगळं, आणि तो मजकूर दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, म्हणजे १९९१ साली, देवनागरी आलेली आहे, तरी छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट अजून ठाण मांडून आहेत कारण मशीन जुनी, सॉफ्टवेअर जुनं आणि हातही त्याच कीबोर्डला बसलेला. मग परत टाइप करताना एक स्पेस इकडची तिकडे गेली की "नये"चा "न" मागच्या शब्दाला जाऊन चिकटतो आणि अर्थ एकदम उलटा. थुंकू नये, लावू नये, टाकू नये, सगळ्यांना हा धोका आहे, आणि स्पेलचेकर असता तरी पकडलं नसतं कारण "बसून" पण बरोबर आणि "ये" पण बरोबर.

"पायर्यां"चं कारण अजून बारीक आहे. आपला तो अर्धा र, पायऱ्या, दुसऱ्या, कोपऱ्यातला, तो युनिकोडमधे दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरून, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. ते न दिसणारं चिन्ह कुठल्या वेबसाइटच्या फॉर्मने फालतू समजून काढून टाकलं की उरतो रफार, आणि पायऱ्यांच्या होतात पायर्या. म्हणून मी आता बोर्डासाठी मजकूर पाठवताना टिंबवाला ऱ वापरते, तो कोणी गाळत नाही.

ह्याच प्रूफच्या गठ्ठ्यात "शुद्ध" चं "शुध्द" होतं. हे तर आता इतकं सगळीकडे दिसतं की लोकांना तेच बरोबर वाटायला लागलंय. जोडाक्षरात आधी द येतो मग ध, शुद्ध, सिद्ध, निषिद्ध, बुद्धी, आणि टाइप करताना उलटं केलं की ध्द. "उद्घाटन"चं "उद्धाटन" हाही त्यातलाच भाऊ, घ आणि ध मधला फरक छोट्या साइजमधे दिसत नाही, त्यामुळे संगमरवरी कोनशिलेवर सुद्धा कोरून बसलेलं सापडतं आणि मग ते पुसणार कसं. "सुचना" बद्दल तर बोलायलाच नको, बोर्डाचं नावच चुकलेलं आणि खाली नियमांची यादी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे लिहायचे हा मराठीचा नियम आहे, त्यामुळे सूचना मधला सू दीर्घच. साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले, सगळे मिळून १८, एवढे वाचायला फार वेळ लागत नाही, बोर्ड बनवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी भिंतीवर लावून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

स्वतः टाइप करायच्या पर्यायात शब्द बरोबर राहतात, कारण मधे कोणाचा हात नाही, पण तिथे टेम्प्लेट घोळ घालतात. ते मुळात रोमन अक्षरांसाठी बनवलेले आहेत हे बघताक्षणी कळतं. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षरांना वर काही नसतं, खाली काही नसतं, आपल्याकडे वर वेलांट्या मात्रा रफार अनुस्वार आणि खाली उकार ऋकार. टेम्प्लेटने ओळीची उंची इतकी कमी धरली होती की माझ्या "कृपया" मधला ऋकार खालच्या पट्टीखाली गडप झाला आणि प्रूफमधे ठळक, सुंदर, पिवळ्या रंगात आलं "कपया शांतता राखा". मी झूम करून बघितलं तर ऋकाराचं एक टोक कडेला दिसतंय जेमतेम. आणखी एक, हे सॉफ्टवेअर मजकूर रुंदीभर पसरवायला अक्षरांमधलं अंतर वाढवतं, रोमनमधे ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं सुटं लटकतं. हे बंद करायची सोय आहे, पण कुठल्यातरी तिसऱ्या मेनूत, शोधावी लागते. ती सापडल्यावर मात्र देवनागरी फार देखणी बसते, हे कबूल करायला हवं.

तयार मजकुराचे टेम्प्लेट पण आहेत, ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. त्यांची अवस्था वाईट आहे. "हे प्रसाधनगृह फक्त महिलांसाठी स्वच्छ ठेवा" असा एक आहे, म्हणजे दोन वेगळ्या सूचना, मधे पूर्णविराम नाही, एका दमात वाचलं की पुरुषांसाठी घाण ठेवायला हरकत नाही असं निघतं. दुसऱ्यात 'शुद्ध' पिण्याचे पाणी, आणि शुद्धला अवतरणचिन्हं! ज्याने टाकली त्याला जोर द्यायचा असणार, पण वाचणाऱ्याला वाटतं की पाणी नावालाच शुद्ध आहे. जोर द्यायला अक्षर ठळक करा, रंग बदला, अवतरणात टाकू नका. शिवाय शब्दांचा क्रम, शुद्ध पाणी असतं, पिणं शुद्ध नसतं, तेव्हा "पिण्याचे शुद्ध पाणी" असं साधं लिहिलं की झालं.

आता त्या बटणाबद्दल ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे, "दुसऱ्या भाषेत रूपांतर करा". एका क्लिकवर बोर्डाची दुसरी ओळ तयार. मी इंग्रजी टेम्प्लेट मराठीत करून बघितले. वेट फ्लोअर चं आलं "ओला मजला". म्हणजे अख्खा मजला भिजलाय, पळा! फरशी हा शब्द त्याला सुचलाच नाही. दारासमोर सामान ठेवू नका म्हणून जो कीप क्लिअर असतो त्याचं "स्पष्ट ठेवा". हसायला येतं, पण ह्यामागचं कारण सरळ आहे, भाषांतर करणारं मशीन आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थ ठरवतं आणि बोर्डावर आजूबाजूला वाक्यच नसतं, दोन शब्द असतात फक्त. माणसाला समोर बादली आणि पोछा दिसतो म्हणून त्याला फ्लोअर म्हणजे फरशी हे कळतं. लांब परिच्छेदात आजकाल मशीन बऱ्यापैकी काम करतं, बोर्डाच्या दोन शब्दांत मात्र हमखास घसरतं. म्हणून जगभरातले फजितीचे नमुने बघा, बहुतेक छोट्या मजकुराचेच असतात.

त्यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा ब्रिटनमधल्या वेल्सच्या स्वान्सी शहराचा आहे, २००८ सालचा. तिथे रस्त्यावरचे बोर्ड इंग्रजी आणि वेल्श दोन्हीत असतात. अवजड वाहनांना प्रवेश नाही, पुढे फक्त वस्ती आहे, असा मजकूर कौन्सिलने भाषांतरासाठी ईमेलने पाठवला, लगेच वेल्शमधे उत्तर आलं, ते त्यांनी जसंच्या तसं बोर्डावर छापलं आणि रस्त्यावर उभं केलं. ते उत्तर होतं, मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम असेल तर पाठवून द्या. ऑटो-रिप्लाय! वेल्श वाचणाऱ्या लोकांनी फोटो काढले तेव्हा कुठे कळलं. विचार करा, ईमेल बघणारा, डिझाइन करणारा, छापणारा, खांबावर चढवणारा, एवढ्या हातांमधून तो बोर्ड गेला आणि त्यातल्या एकालाही ती ओळ वाचता येत नव्हती, किंवा येत असूनही कोणी वाचली नाही. चीनमधल्या एका रेस्टॉरंटचा फोटो पण असाच फिरला होता, मोठ्या दिमाखदार बोर्डावर चिनी नाव आणि खाली इंग्रजीत "ट्रान्सलेट सर्व्हर एरर". मशीन बंद पडल्याचा निरोपच दुकानाचं नाव म्हणून छापला.

ह्या दोन्हीत कोणाला इजा झाली नाही म्हणून मनसोक्त हसता येतं. पण २००६ साली वेल्समधल्याच कार्डिफमधे पायी चालणाऱ्यांसाठी लावलेल्या बोर्डावर इंग्रजीत उजवीकडे बघा आणि वेल्शमधे डावीकडे बघा असं होतं. रस्ता ओलांडताना हे वाचून कोणी चुकीच्या बाजूला बघितलं तर? म्हणून मला कोणी "एवढं काय त्या एका शब्दाचं" म्हटलं की राग येतो. बोर्ड हा घाईत, चालता चालता, अनोळखी माणूस वाचतो, त्याला विचारायला तिथे कोणी नसतं, जे लिहिलंय त्यावरच त्याला चालायचं असतं.

चीनने हे मनावर घेतलं हे मात्र मानलं पाहिजे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधी तिथे इंग्रजी बोर्ड सुधारायची मोठी मोहीम झाली, आणि पुढे सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजी मजकुरासाठी राष्ट्रीय मानकच काढलं, ते १ डिसेंबर २०१७ पासून लागू झालं. नेहमी लागणारी वाक्यं एकदाच नीट ठरवून ठेवली की प्रत्येक बोर्डवाल्याला नव्याने डोकं लावायला नको. ह्या साइटने पण हेच करावं, मशीनचं बटण काढून टाकावं आणि नेहमीच्या शंभर दोनशे सूचना प्रत्येक भाषेत जाणकाराकडून एकदा लिहून घ्याव्यात. मी फीडबॅकमधे लिहिलंय.

इंग्रजी ओळीचं पण सांगायला हवं. आमच्या एका बोर्डावर कीप क्वाएट असं इंग्रजीत हवं होतं, प्रूफमधे आलं कीप क्वाइट. इंग्रजी स्पेलिंगमधे शेवटच्या दोनच अक्षरांची अदलाबदल, पण "शांत रहा" चं "बऱ्यापैकी रहा" झालं. वाचनालयात! इथेही स्पेलचेकर गप्प, कारण दोन्ही शब्द खरे. त्यात बोर्डाचा मजकूर सगळा कॅपिटलमधे असतो आणि वर्डमधे कॅपिटल अक्षरांतले शब्द तपासायचे नाहीत अशीच सेटिंग मुळात असते, खूप जणांना हे माहीतच नसतं. त्यापुढे छपाईला पाठवताना अक्षरांचे आकार करून टाकतात, कर्व्हमधे कन्व्हर्ट, मग ती अक्षरं राहतच नाहीत, नुसती चित्रं होतात, तिथून पुढे कुठलंही सॉफ्टवेअर चूक पकडू शकत नाही. रस्त्यावर रंगाने लिहितात तिथे तर प्रश्नच नाही, २०१० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधे एका शाळेसमोरच्या रस्त्यावर स्कूलच्या स्पेलिंगमधे सी आणि एच ची अदलाबदल करून रंगवलं होतं, ते पण शाळेसमोर.

प्रूफ दुरुस्त करून देण्याबद्दल मात्र ह्या कंपनीचं खरंच कौतुक आहे. फोनवर ज्या ताई होत्या त्या अजिबात वैतागल्या नाहीत. मी म्हटलं, "अहो ताई, ऋकार गेलाय, खालची पट्टी सरकवा," तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही हाताने कागदावर लिहून फोटोच पाठवा ना, आम्ही बाजूला ठेवून जुळवतो." आणि तसं केलं त्यांनी. पुढची प्रूफं जवळजवळ स्वच्छ आली. मंजूर केल्यानंतर एका बोर्डावर परत "पायर्या" छापून आलं, कारण प्रूफ एका कॉम्प्युटरवर आणि छपाई दुसऱ्यावर. फोटो पाठवला, वाद न घालता नवीन बोर्ड पाठवला, वर चुकलेला परत पण मागितला नाही. नुसता स्टिकर पण चालला असता, पण लॅमिनेशनवरचा स्टिकर काही दिवसांनी कोपऱ्यातून सुटतो आणि खालची चूक डोकावते, तेव्हा नवीनच दिला ते योग्य केलं.

लावलेल्या बोर्डाचं काय, असं मला खूप जण विचारतात, कारण चुकीचे बोर्ड दिसले की फोटो काढायची मला सवय आहे. मार्कर घेऊन स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका. अमेरिकेत जेफ डेक आणि बेंजामिन हरसन हे दोघं २००८ साली देशभर फिरून बोर्डांवरच्या चुका दुरुस्त करत होते, हेतू चांगलाच होता, पण ग्रँड कॅन्यनमधल्या वॉचटॉवरमधला एक बोर्ड त्यांनी दुरुस्त केला तो होता ऐतिहासिक, आर्किटेक्ट मेरी कोल्टर यांनी स्वतः हाताने रंगवलेला. कोर्टात उभं राहावं लागलं, ३,०३५ डॉलर भरावे लागले आणि वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत जायला बंदी. त्यापेक्षा आत जाऊन मालकाला किंवा ऑफिसात बाजूला घेऊन हळूच सांगायचं, चारचौघांत नाही. बहुतेक लोक ऐकतात, निदान पुढच्या बोर्डाच्या वेळी तरी.

ज्यांना मागवायचंय त्यांनी एवढं करा. मजकूर युनिकोडमधे टाइप करून पाठवा आणि सोबत तो कसा दिसायला हवा त्याचा फोटो जोडा. भाषांतराचं बटण दाबू नका, ती भाषा येणाऱ्या माणसाकडून दोन ओळी लिहून घ्या. प्रूफ मोबाइलवर नका बघू, प्रिंट काढून भिंतीवर चिकटवा आणि लांबून वाचा, एक इंच उंचीचं अक्षर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येतं असा बोर्डवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे, आणि देवनागरीला मी त्याहून थोडं मोठंच घेईन. ज्याने मजकूर लिहिला त्याने शेवटचं वाचू नये, त्याला डोक्यातलंच दिसतं, कागदावरचं नाही. दुसऱ्याला द्या, आणि त्याला मोठ्याने वाचायला लावा, "बसून ये" तोंडातून बाहेर पडलं की लगेच खटकतं. स्क्रू कुठे येणार ते विचारून घ्या, प्रूफमधे भोकं दाखवत नाहीत आणि नेमकं एखाद्या अनुस्वारावर भोक पडतं.

छपाईला पाच पैकी पाच, ग्राहकसेवेला पाच, तयार मजकुराला दोन, भाषांतराच्या बटणाला शून्य. वरच्या मजल्यावरचे बोर्ड पण ह्यांच्याकडूनच मागवणार आहे, मजकूर मात्र सगळा आमचाच असेल.